बर्गी, हर्माद आणि चाकणचा किल्ला

चाकणच्या संग्रामदुर्गाचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या मनात दोन माणसे उभी राहतात : फिरंगोजी नरसाळा आणि शाहिस्तेखान. १६६० च्या पावसाळ्यात फिरंगोजीने हा लहानसा भुईकोट ५० हून अधिक दिवस लढवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला आणि किल्ला पडला. पुढे एप्रिल १६६३ मध्ये पुण्याच्या लाल महालात खानाची बोटे तुटली. आमच्या पाठ्यपुस्तकांत आणि पोवाड्यांत शाहिस्तेखान येथेच संपतो. इतिहासात मात्र तो येथे संपत नाही. औरंगजेबाने त्याची रवानगी बंगालच्या सुभ्यावर केली आणि १६६४ ते १६८८ या काळात, मधला थोडा अवधी वगळता, तो तेथे सुभेदार होता. बंगाली लोकस्मृतीत त्याचे नाव रुपयाला ८ मण तांदूळ मिळण्याच्या स्वस्ताईशी जोडले गेले आहे.

ज्याच्या सुरुंगाने चाकणचा तट फुटला त्याचे नाव बंगाली घरांत सुकाळाची खूण म्हणून निघते. आणि ज्या मराठी घोडेस्वारांचा आम्हांस अभिमान, त्यांचेच नाव घेऊन बंगाली आया मुलांना निजवीत आल्या. आज महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी येथील चाळींतून बंगाल, ओडिशा, झारखंडहून आलेले कामगार मराठी घरमालकांच्या खोल्यांत राहतात. दोन्ही स्मृती आता एकाच नळावर पाणी भरतात, परंतु एकमेकींस ओळखत नाहीत. ही ओळख करून देणे हे साहित्याचे काम होय. मराठी साहित्याने ते कितपत केले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

‘बर्गी’ हा बंगाली शब्द आमच्या ‘बारगीर’ शब्दाचे रूप आहे. शिलेदार आपला घोडा, आपले हत्यार घेऊन येई. बारगिराला दोन्ही सरकारातून मिळत. म्हणजे फौजेतील हा सर्वांत साधा, पगारी माणूस. नागपूरच्या रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षे बंगाल-ओडिशावर धावून जात राहिल्या. त्यांच्या भयाने कलकत्त्याच्या रहिवाशांनी शहराभोवती जो खंदक खणावयास घेतला तो ‘मराठा डिच’ या नावाने प्रसिद्ध झाला. १७५१ च्या तहाने वार्षिक १२ लाख रुपयांची चौथाई ठरली आणि ओडिशाचा महसूल नागपूरकरांकडे आला. चौथाईचे धनी दरबारात राहिले; अपकीर्तीला मात्र दुसऱ्याच्या घोड्यावर बसलेल्या बारगिराचे नाव मिळाले.

बर्गींचा उल्लेख असलेली बंगाली अंगाई प्रसिद्ध आहे. वाङ्मय म्हणून तिच्याकडे पाहिले असता एक गोष्ट जाणवते. तिच्यात तलवार नाही, रक्त नाही. पाखरांनी धान खाल्ले, आता सारा कशातून भरावा, एवढीच एका घराची चिंता आहे. हल्ल्याचे वर्णन न करता हल्ल्यानंतरचे रिते कोठार दाखविणारी ही रचना, कोणत्याही बखरीपेक्षा अधिक टिकली. मूल शब्दाचा अर्थ कळण्यापूर्वी भीती शिकते, आणि अशी शिकलेली भीती पुसावयास शतके लागतात.

दुसरी साक्ष गंगाराम या कवीच्या ‘महाराष्ट्रपुराण’ या काव्याची. त्याचे हस्तलिखित अठराव्या शतकाच्या मध्याचे, म्हणजे घटनांना अगदी लागून आहे. काव्याचा आरंभ मराठ्यांच्या विरोधात नाही, हे विशेष. पृथ्वीवर पाप माजले म्हणून देवांनीच शाहूराजांच्या फौजेला प्रेरणा दिली, अशी कवीची मांडणी आहे. पण भास्करराम कोल्हटकरांचे स्वार गावोगाव शिरतात. ब्राह्मण, वैष्णव, स्त्रिया कोणीच सुटत नाही. आणि काव्याची दिशा पालटते. देवीची कृपा भास्कररामांवरून उठते आणि मार्च १७४४ मध्ये मनकरा येथे, वाटाघाटीसाठी बोलावले असता, अलीवर्दीखानाकडून ते मारले जातात. आपल्या डोळ्यांनी पाहिलेले सत्य आपल्याच पुराणकल्पनेहून मोठे ठरले, तेव्हा कवीने कल्पना सोडली आणि सत्य धरले. या काव्याचे मोल आमच्या मते येथे आहे. शिवाय, सोसणारेही बहुतांशी हिंदू आणि लुटणारेही हिंदू. त्यामुळे धर्माधर्माच्या सोप्या सूत्रात ही कथा बसत नाही.

मराठीत या प्रकरणाची नोंद नाही असे नाही. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी बंगालच्या स्वाऱ्यांचा वृत्तान्त दिला आहे. त्यांचे स्नेही जदुनाथ सरकार यांनी शिवाजी महाराजांचे चरित्र १९१९ मध्ये आदराने लिहिले आणि पुढे मोगल साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिताना बंगालमधील मराठी लुटीवर कठोर शब्दांत टीकाही केली. या दोघांची मैत्री आयुष्यभर टिकली. जदुनाथ सरदेसायांच्या कामशेतच्या घरी येऊन राहत. चिंचवडहून लोकलने तासाभराच्या आत गाठता येणाऱ्या त्या गावी एक बंगाली आणि एक मराठी विद्वान एकमेकांच्या पूर्वजांचे हिशेब मांडून बसत, ही आमच्या प्रदेशाची अभिमानाची आठवण असावयास हवी. ललित साहित्याने मात्र ही वाट धरली नाही. ऐतिहासिक कादंबरीचा घोडा अटकेपर्यंत दौडतो, पानिपतावर शोक करतो. बर्दवानच्या जळत्या गावापाशी आला की त्याची टाप ऐकू येत नाही. पानिपतात आम्ही मेलो, म्हणून त्यावर लिहिले. बंगालात आम्ही मारले, म्हणून लेखणी थबकली. हा दोष प्रतिभेचा नव्हे, धैर्याचा आहे.

येथे आमच्या ख्रिस्ती वाचकांस वाटेल की हा मराठेशाहीचा प्रश्न, त्याच्याशी आपला संबंध काय? संबंध आहे, आणि तो त्याच बंगालच्या किनाऱ्यावर आहे. बंगालीत ‘हर्माद’ असा आणखी एक शब्द आहे. पोर्तुगीज ‘आर्माडा’वरून तो आला आणि त्याचा अर्थ चाचे. सतराव्या शतकात चितगावच्या आश्रयाने राहणारे पोर्तुगीज दर्यावर्दी आराकानी मघांच्या साथीने खाडीकाठच्या गावांवर धाडी घालीत आणि माणसे पकडून गुलाम म्हणून विकीत. हे चाचे आपल्याच पंथाचे होते. ऑगस्टिनियन धर्मगुरू सेबास्तियांव मान्रिक यांनी १६४९ मध्ये रोममध्ये छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तात, अशा पकडून आणलेल्या लोकांना बाप्तिस्मा दिल्याचे लिहिले आहे. १६६६ मध्ये चितगाव घेऊन या धाडींना आळा कोणी घातला? शाहिस्तेखानाच्या फौजेने. चाकणवर चालून आलेला खान बंगालच्या कोळी-कुणब्यांना तारणारा का वाटला, याचे एक उत्तर येथे मिळते.

भाषेने मराठी आणि श्रद्धेने कॅथोलिक असलेल्या आम्हांस बंगालीने अशी दोन नावे देऊन ठेवली आहेत : एक बर्गी, दुसरे हर्माद. दोन्ही कृत्ये आमच्या हातून घडली नाहीत. परंतु फोर्ट विल्यमजवळचा खंदक आमचा नव्हे आणि अटकेचा झेंडा तेवढा आमचा, असे म्हणता येत नाही. वारसा घ्यावयाचा तर जमेसह खर्चही घ्यावा लागतो. गोव्याच्या इन्क्विझिशनचा उल्लेख झाला की आपण पोर्तुगिजांकडे बोट दाखवितो. त्या न्यायासनापुढे उभे केलेल्यांत स्थानिक नवख्रिस्ती पुष्कळ होते, हे खरे; पण तेवढे सांगून प्रश्न मिटत नाही.

असा हिशेब मांडल्याने समाजाची मान खाली जाते, विरोधकांच्या हाती कोलीत मिळते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला उत्तर चाकणच्याच रस्त्यावर आहे. २००९ मध्ये येथे फोक्सवागनचा कारखाना सुरू झाला. ही कंपनी १९३७ मध्ये नाझी राजवटीत स्थापन झाली आणि युद्धकाळात तिच्या कारखान्यात सुमारे २०,००० लोकांना सक्तीने राबविण्यात आले. १९८६ मध्ये कंपनीने हान्स मोमसेन या इतिहासकाराकडे आपल्याच भूतकाळाचा शोध सोपविला. त्यांचा ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९८ मध्ये पीडितांसाठी निधी उभारला गेला आणि १९९९ मध्ये वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यातील जुन्या खंदकवजा निवाऱ्यात स्मृतिस्थान उघडले. यामागे न्यायालयीन दाव्यांचा दाबही होता. केवळ सद्‌बुद्धीने सारे झाले असे आम्ही म्हणणार नाही. तथापि जर्मनीचे नाव या कबुलीने खाली गेले नाही. लपवाछपवीने जे कधीच मिळाले नसते ते तिला मिळाले : शेजाऱ्यांचा विश्वास.

हा विश्वास प्रथम मागितला तो सोसणाऱ्यांनी. नोव्हेंबर १९६५ मध्ये पोलंडच्या बिशपांनी जर्मन बिशपांस पत्र लिहून क्षमा दिली आणि स्वतःही क्षमा मागितली. लाखो माणसे गमावलेल्या देशाने क्षमा का मागावी, म्हणून पोलंडचे सरकार संतापले. पाचच वर्षांनी, डिसेंबर १९७० मध्ये, जर्मन चॅन्सेलर विली ब्रांट वॉर्सातील ज्यू वस्तीच्या स्मारकापुढे गुडघे टेकून बसले. त्या पत्रावर सही करणाऱ्यांत असलेले कारोल वोयतिवा पुढे पोप दुसरे जॉन पॉल झाले आणि १२ मार्च २००० रोजी त्यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांच्या अपराधांबद्दल जाहीर क्षमायाचना केली. प्रायश्चित्त संस्कारात आपण पापाचे नाव उच्चारतो. ‘काही चुका झाल्या असतील’ एवढे म्हणून पापनिवेदन होत नाही. साहित्यालाही हाच नियम लागू आहे.

म्हणून मराठी लेखकाकडे आमची मागणी गौरवगाथा थांबविण्याची नाही. बारगिराच्या खोगिरावरून एकदा खाली उतरून त्या अंगाईतल्या घराचे रिते कोठार पाहावे, एवढीच आहे. महाराष्ट्रपुराण मराठी वाचकाच्या हाती सहज पडेल असे मराठीत यावे. त्याशेजारी हर्मादांची हकीकत आमच्यापैकी कोणी ख्रिस्ती लेखकाने लिहावी. संग्रामदुर्गाच्या उरल्यासुरल्या तटापासून हाकेच्या अंतरावर आज बंगाली बोलणारे कामगार राहतात. त्यांच्या घरात मूल कोणत्या नावाने निजते, हे त्यांना विचारावयास फार दूर जावे लागत नाही.