न पाहण्याचा सराव : शहरी अद्भुत कादंबरी आणि आपला सीमाभाग

अद्भुत म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम राजवाडा उभा राहतो, नाही तर ओसाड वाडा. पहिल्यात राजपुत्र असतो, दुसऱ्यात भूत. ह्या दोहोंपासून वेगळी, आजच्या काळातल्या आणि नकाशावर सापडणाऱ्या शहरात घडणारी अद्भुत कादंबरी इंग्रजीत १९८० च्या दशकापासून रुजली आणि पुढे ‘अर्बन फँटसी’ ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. मिनीआपोलिस शहरात घडणारी एमा बुल ह्यांची ‘वॉर फॉर द ओक्स’ (१९८७) ही तिच्या आरंभीच्या कृतींपैकी एक. आपल्याकडचे तरुण वाचक आता ह्या कादंबऱ्या आवडीने वाचतात, आणि वडीलधारी मंडळी त्यांची रवानगी बालवाङ्मयाच्या कपाटात करून मोकळी होतात. आम्हांस हा निवाडा घाईचा वाटतो. ह्या प्रकारातली एक कादंबरी तर बेळगावच्या वाचकाने मुद्दाम वाचावी अशी आहे. तिच्याकडे जाण्यापूर्वी ह्या प्रकाराची रीत थोडी समजून घेतली पाहिजे.

ह्या कादंबऱ्यांचा सारा डोलारा गल्लीबोळांच्या नावांवर उभा असतो. नील गेमन ह्यांच्या ‘नेव्हरव्हेअर’मध्ये (१९९६) लंडनच्या भुयारी रेल्वेतली स्थानकांची नावे शब्दशः खरी ठरतात, अर्ल्स कोर्ट येथे खरोखरच एका अर्लचा दरबार भरतो. जखमी अवस्थेत रस्त्यावर पडलेल्या मुलीला मदत करणारा रिचर्ड मेह्यू हा साधा कारकुनी पेशाचा तरुण त्यानंतर ‘वरच्या’ लंडनला दिसेनासाच होतो. पदपथावर झोपणारी माणसे आपल्याला जशी दिसत नाहीत, तसा. बेन अॅरोनोविच ह्यांच्या ‘रिव्हर्स ऑफ लंडन’मध्ये (२०११) पीटर ग्रँट हा नवशिका पोलीस शिपाई एका भुताची साक्ष नोंदवून घेतो आणि पुढे थेम्स नदीच्या दैवतांमधला हद्दीचा तंटा त्याच्या गळ्यात पडतो. वरच्या प्रवाहाचा मालक एक म्हातारा नदीपुरुष, तर शहरातल्या खालच्या प्रवाहाची स्वामिनी नायजेरियातून परिचारिका होण्यासाठी आलेली एक स्त्री. उपरी बाई नदीची देवी कशी होऊ शकते, हा प्रश्न कादंबरी विचारतच नाही. लंडनची नदी लंडनमध्ये आलेल्यांचीही आहे, हे ती गृहीतच धरते. विनोदी अंगाने जाणाऱ्या ह्या पुस्तकातला हा सर्वांत धीट भाग आहे.

आपल्याकडे ह्या सामग्रीचा तोटा नाही. बेळगावच्या नळाला राकसकोपच्या तलावाचे, म्हणजे मार्कंडेय नदीचे पाणी येते. ज्या शहराच्या पाणीपुरवठ्याच्या नावातच राकस बसलेला आहे, त्या शहराला अद्भुतासाठी लंडनकडे पाहावे लागू नये. बळ्ळारी नाल्याला देवता असलीच, तर दर पावसाळ्यात शिवारात पाणी घुसल्यावर तिला कोणत्या भाषेतल्या शिव्या ऐकाव्या लागत असतील, एवढा एकच प्रश्न एका प्रकरणाला पुरेसा आहे. (दोन्ही भाषांतल्या, असा आमचा अंदाज.)

आता ती कादंबरी. चायना मिएव्हिल ह्यांची ‘द सिटी अँड द सिटी’ २००९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. बाह्यतः ती एका खुनाच्या तपासाची कथा आहे. बेझेल आणि उल कोमा ही दोन शहरे, दोन स्वतंत्र राष्ट्रे, एकाच भूमीवर वसलेली आहेत. काही भाग पूर्णपणे ह्या शहराचे, काही त्या शहराचे, आणि कित्येक रस्ते दोघांचे. परंतु एका शहराच्या नागरिकाने दुसऱ्या शहराची माणसे, इमारती, वाहने पाहायची नाहीत. दिसली तरी न पाहिल्यासारखे करायचे, आणि समोरून आलेल्या ‘न दिसणाऱ्या’ गाडीला धक्का मात्र लागू द्यायचा नाही. मुलांना लहानपणापासून पेहराव, चाल, रंग ह्यांवरून कोण आपला आणि कोण परका हे ओळखून नजर वळवण्याची सवय लावली जाते. शेजारच्याच पण दुसऱ्या शहरातल्या घरी जायचे तर सीमेवरच्या सरकारी इमारतीतून रीतसर प्रवेश करून, वळसा घालून तिथेच परत यावे लागते. नियम मोडणाऱ्याला ‘ब्रीच’ नावाची अदृश्य सत्ता उचलून नेते. ह्या कादंबरीत चेटूक नाही, मंत्र नाही. जादू आहे ती फक्त लोकांच्या डोळ्यांच्या सवयीत, आणि म्हणूनच ती अंगावर येते.

ह्या कल्पनेचे सामर्थ्य एका बारीक भेदात आहे. न पाहणे म्हणजे अज्ञान नव्हे. जे पाहायचे नाही ते आधी ओळखावे लागते, त्याशिवाय ते टाळता येत नाही. तपास करणाऱ्या इन्स्पेक्टर बोर्लूची नजर एखाद्या म्हातारीवर चुकून पडते आणि तो दचकून ती काढून घेतो, तेव्हा परक्या शहराबद्दल त्याला किती बारकाईने माहिती आहे हे वाचकाच्या ध्यानात येते.

बेळगावच्या वाचकाने हे वाचताना पुस्तक मिटून खिडकीबाहेर पाहिले तर नवल नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून तीच तारीख शहराच्या एका भागाचा राज्योत्सव आणि दुसऱ्याचा काळा दिन आहे. २०१४ साली, पुन्हा १ नोव्हेंबरलाच, शहराचे सरकारी नाव बेळगावी झाले. मराठी बोलण्यात ते बेळगावच राहिले. पत्ता एक, पण पाकीट दोन शहरांना जाते. त्याही आधी, स्वातंत्र्यापर्यंत, शहापूर सांगली संस्थानात होते, मुख्य शहर इंग्रजी अमलाखाली आणि कॅम्पात लष्करी छावणी. सकाळी शहापुराहून निघालेला माणूस न्याहारीच्या आत तीन राजवटींतून फिरून येत असे. एकमेकांत घुसलेली शहरे मिएव्हिल ह्यांना कल्पावी लागली. इथे ती महसूल दफ्तरात होती.

मात्र हे साम्य ओढून ताणून शेवटपर्यंत नेणे आम्हांस मान्य नाही, आणि समीक्षेचा खरा प्रश्न इथेच सुरू होतो. मिएव्हिल ह्यांची दोन शहरे दर्जाने समान आहेत. एक गरीब, दुसरे भरभराटीला आलेले, पण दोघांनाही आपापले सरकार आहे आणि ‘ब्रीच’ दोघांनाही सारख्याच निर्दयतेने वागवते. इथे एका भाषेमागे राज्य उभे आहे, दुसरीमागे नाही. फलकाचा ६० टक्के भाग कन्नडला देण्याचा नियम कर्नाटकाने २०२४ साली कायद्यात आणला, तेव्हा ‘कोणाला कोण दिसावे’ ह्याचे मोजमाप अक्षरशः टक्क्यांत ठरले. समान शहरांचे रूपक अशा ठिकाणी सत्तेचा हिशेब झाकून टाकते. सीमाभागातल्या वाचकाने कादंबरीची ही मर्यादा नोंदवलीच पाहिजे.

दुसरी मर्यादा आम्हांस अधिक महत्त्वाची वाटते. बेझेल आणि उल कोमा ह्यांची सीमा रस्त्यावरून जाते, बेळगावची तोंडातून. खडेबाजारातला दुकानदार एकाच वाक्यात दोन भाषा वापरतो आणि गिऱ्हाईकाने कोणती उचलली हे पाहून पुढचे वाक्य जुळवतो. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि आजोळी पुन्हा तिसरीच सरमिसळ बोलणाऱ्या मुलाला ‘ब्रीच’ने कोणत्या बाजूला टाकावे? सभेत आणि वर्तमानपत्रात आपण न पाहण्याचा सराव करतो. बाजारात तो जमत नाही. ह्या विसंगतीवरची कादंबरी मिएव्हिल लिहू शकले नसते. ती इथल्याच कोणी लिहावी लागेल.

मग ती का लिहिली गेली नाही? मराठीत अद्भुत नाही असे कोणी म्हणणार नाही. नारायण धारप ह्यांनी स्टीफन किंगची कथानके मराठी मातीत आणली. ‘लुचाई’ हे त्याचे परिचित उदाहरण. पण धारपांचे भय घरात शिरते, शहरात नव्हे. त्यांच्या वाड्याचा पत्ता बदलला तरी फारसे बिघडत नाही. कारवारात जन्मलेल्या विलास सारंग ह्यांनी ‘सोलेदाद’पासून (१९७५) मराठी कथेत काफ्काच्या वळणाचे विपरीत आणले आणि मुंबईलाही त्यात ओढले. ते ह्या प्रकाराच्या सर्वांत जवळ येतात. परंतु त्यांचे शहर मुंबई, आपले नव्हे.

जी. ए. कुलकर्णी मात्र आपले. एकसंब्यात जन्म, बेळगावात शिक्षण, धारवाडात हयात. त्यांच्या कथाविश्वात एक विलक्षण वाटणी दिसते. जिथे गाव ओळखीचे असते, तिथे माणसे दारिद्र्याने, आजाराने, नियतीने मोडतात, पण अद्भुत येत नाही. ‘रमलखुणा’तल्या ‘प्रवासी’ आणि ‘इस्किलार’सारख्या दीर्घकथांत अद्भुत येते, तेव्हा गाव नाहीसे होऊन तिथे अनाम प्रदेश उरतो. ‘स्वामी’ ही कथा दोहोंच्या उंबऱ्यावर आहे. प्रवासात खोळंबलेला साधा माणूस मठात नेला जातो आणि स्वामी म्हणून कोंडला जातो. तिथेही वाट शहरापासून दूरच जाते. ह्याच जिल्ह्यातल्या घोडगेरीचे चंद्रशेखर कंबार कन्नडमध्ये दैवते आणि दंतकथा नांदवतात, तेही शिवापूर ह्या कल्पित खेड्यात. म्हणजे दोन्ही भाषांतल्या मोठ्या लेखकांनी अद्भुतासाठी हे शहर सोडले. कारण उघड आहे असे आम्हांस वाटते. शहराचे नाव घेतले की सीमाप्रश्न उभा राहतो, आणि सीमाप्रश्न उभा राहिला की लेखकाकडून साक्षीची अपेक्षा होते, कल्पनेची नाही. अर्जात आणि कैफियतीत राकस चालत नाही.

एक सूचना करावीशी वाटते. शहरी अद्भुत लिहायचे तर जी.एं.पेक्षा महादेव मोरे ह्यांचा आधार अधिक घ्यावा लागेल. पिठाची गिरणी चालवत लिहिणाऱ्या ह्या लेखकाने (निधन २०२४) निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, गॅरेजे, गाडीवाले, कष्टकरी बायका ह्यांची नोंद इतक्या बारकाव्याने केली आहे की त्या गावाचा पायाच त्यांनी भरून ठेवला आहे. अॅरोनोविच ह्यांचे भूत पटते, कारण त्याआधी पोलीस ठाण्यातला रटाळ कागदी कारभार पटलेला असतो. वखारीतली तंबाखूची खकाणा, जिन्याखालची बिडीची सुपे, महामार्गावर थांबलेल्या ट्रकचा वास हे आधी नाकात शिरले, तर त्यानंतर वखारीत कोणीही येऊन बसले तरी वाचक जागा करून देईल.

भाषेचा प्रश्न राहतो. मिएव्हिल ह्यांनी दोन शहरांना दोन भाषा दिल्या, पण कादंबरी सगळी इंग्रजीतच असल्याने त्या भाषांचा कस लागत नाही. आपल्या लेखकाला ही सवलत नाही. त्याच्या नदीने कन्नडमध्ये बोलायचे ठरवले तर पुण्याच्या वाचकासाठी तळटीप द्यायची काय? प्रकाश नारायण संत ह्यांनी ‘वनवास’ आणि त्यापुढच्या लंपनच्या कथांत ह्याचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. लंपनच्या मराठीत कन्नड शब्द आणि कन्नड हेल सहज वावरतात, त्यांचा अर्थ तो सांगत बसत नाही, आणि महाराष्ट्रभरच्या वाचकांचे त्यावाचून काही अडले नाही.