आजी मरत का नाही?

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी माझ्या १२ वर्षांच्या भाच्याला 'तुंबाड' दाखवला. दाखवायला नको होता. सिनेमाला 'ए' प्रमाणपत्र आहे, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाला थिएटरात आत सोडत नाहीत, आणि हे मला नीट माहीत होतं. पण १३ सप्टेंबर २०२४ ला, ऐन गणपतीत, तो सिनेमा पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हापासून भाचा माझ्या मागे लागला होता. त्याच्या वर्गातल्या कुणाच्या तरी दादाने तो पाहिला होता. रील्सवर हस्तर रोज दिसत होता. मग ताई आणि भावजी एका लग्नाला नाशिकला गेले, आणि टिळक नगरच्या त्यांच्या घरी मावशी आणि भाचा असे दोघेच उरलो. लॅपटॉप उघडला.

तासाभराने मी सिनेमा थांबवला. विनायक मोठेपणी तुंबाडच्या वाड्यात परत येतो आणि त्याला आजी सापडते. तिच्या शरीरातून झाड उगवलंय, आणि ती अजून जिवंत आहे. तो प्रसंग. भाचा ओरडला वगैरे नाही. त्याने फक्त विचारलं, "मावशी, ती मरत का नाही?" मी काहीतरी उत्तर दिलं. त्या रात्री तो दिवा लावून झोपला. दुसऱ्याही रात्री, तिसऱ्याही. चौथ्या दिवशी ताईचा फोन आला.

"तू त्याला काय दाखवलंस?"

त्यानंतर ती जे बोलली ते इथे लिहीत नाही. सगळं खरं होतं. पण तिचा एक प्रश्न डोक्यात राहिला. "असलं रक्तबिक्त बघून पोरं बिघडतात की नाही, तूच सांग. तू सिनेमावर लिहितेस ना?" मी लिहिते. आणि मला उत्तर येत नव्हतं. हॉरर आवडणाऱ्या आम्हा लोकांचं एक तयार उत्तर असतं: छे, काही होत नाही, आम्ही नाही का लहानपणापासून पाहिलं? ते मी बरेच वर्षं देत आले आहे.

तर आधी आम्ही लहानपणी काय पाहिलं ते सांगते. घाटल्यातल्या आमच्या चाळीत केबल नव्हती. 'झी हॉरर शो' बघायला आम्ही आईच्या मैत्रिणीकडे, चेंबूर कॅम्पात जायचो. ते कुटुंब सिंधी. मालिका बनवणारे रामसेही फाळणीनंतर कराचीहून मुंबईला आलेले सिंधी, त्यामुळे त्या घरात भुतांविषयी जरा घरचा अभिमान असायचा. एका भागात बाथरूमच्या दारामागून हात आला, एवढंच मला आठवतं. रक्त होतं की नव्हतं, आठवत नाही. पण आज पस्तिशी उलटल्यावरही मी अनोळखी घरात बाथरूमला गेले की आधी दारामागे बघते. म्हणजे 'काही होत नाही' हे माझ्याच बाबतीत खोटं आहे.

मी एकटी नाही. जोआन कँटर आणि क्रिस्टन हॅरिसन या अमेरिकन संशोधकांनी १९९९ मध्ये कॉलेजातल्या मुलामुलींना विचारलं, की लहानपणी पडद्यावरच्या कशाची तरी फार भीती बसली होती का. सुमारे ९० टक्के हो म्हणाले. आणि साधारण चौथा हिस्सा म्हणाला, की ती अजून पूर्ण गेलेली नाही. हे दुखणं मोठं नाही, पण ते आहे. ताईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघ!" आणि तिचं बरोबर होतं.

पण 'बिघडतात' हा शब्द वेगळा आहे. घाबरणं म्हणजे बिघडणं नव्हे. बिघडण्याबद्दलचा पुरावा दोन तोंडांचा आहे. एकीकडे डाहल आणि डेलाविन्या या अर्थतज्ज्ञांनी २००९ मध्ये अमेरिकेतली आकडेवारी तपासून दाखवलं, की हिंसक सिनेमाला मोठी गर्दी असते त्या दिवशी हाणामारीचे गुन्हे वाढत नाहीत, उलट कमी होतात. कारण अगदी साधं आहे: एरवी दारू पिऊन भांडली असती ती पोरं तेवढा वेळ थिएटरात बसलेली असतात. (हे वाचून मला फार हसू आलं होतं. संस्कार वगैरे काही नाही, नुसतं खुर्चीत बसवणं.) दुसरीकडे लिंझ, डॉनरस्टीन आणि पेनरॉड यांचा १९८४ चा प्रयोग. त्यांनी तरुण पुरुषांना लागोपाठ पाच दिवस, बायकांवर हिंसा करणारे स्लॅशर सिनेमे दाखवले. पहिल्या दिवशी जे बघवत नव्हतं ते पाचव्या दिवशी तितकं वाईट वाटेनासं झालं. नंतर त्यांना बलात्काराच्या एका खटल्याचं सादरीकरण दाखवलं, तेव्हा त्यातल्या पीडितेबद्दल त्यांना इतरांपेक्षा कमी कळवळा वाटला.

या प्रयोगावर पुढे बरीच उलटसुलट चर्चा झाली. तरी मला तो झटकून टाकता येत नाही. कारण त्यातून एक नेमका प्रश्न निघतो. रक्त किती दाखवलं हा तो प्रश्न नव्हे. ज्याचं रक्त सांडलं तो माणूस नंतर सिनेमात उरतो का?

इथे मला आपल्याकडची एक जुनी गोष्ट आठवते. नाट्यशास्त्राने अंकात युद्ध, मृत्यू, नगराचा वेढा या गोष्टी प्रत्यक्ष दाखवायला मनाई केली, त्या सूचित कराव्यात असं सांगितलं. पण त्याच ग्रंथात भयानक आणि बीभत्स हे रस आहेत. भीती आणि किळस यांना शृंगाराच्या पंगतीत पाट मांडलेला आहे. म्हणजे भावनेला मज्जाव नाही, मज्जाव आहे तो घावाला. आणि भासाच्या 'ऊरुभंग' नाटकात काय होतं? गदायुद्ध रंगमंचावर होतच नाही, सैनिक त्याचं वर्णन करतात. त्यानंतर मांड्या मोडलेला दुर्योधन सरपटत समोर येतो. त्याचा लहान मुलगा दुर्जय येतो आणि नेहमीच्या सवयीने बापाच्या मांडीवर बसायला बघतो. बसता येत नाही. दुर्योधन आपल्या डोळ्यांसमोर मरतो, म्हणजे भासाने नियम मोडलाच. पण त्याने घाव वगळला आणि घावानंतरचा वेळ दाखवला. खलनायकाचा सुद्धा.

आता 'तुंबाड'कडे या कसोटीने बघा. राही अनिल बर्वे यांचा हा सिनेमा नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेला, नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीची आठवण देणारं. (बर्वे हे 'थँक यू मिस्टर ग्लाड' लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे चिरंजीव. माणसाच्या आतली क्रूरता घरातच अभ्यासाला होती म्हणायची.) किळस भरपूर आहे. पण आजीला जे झालंय ते चमकून निघून जात नाही. ती सुरुवातीला साखळदंडात आहे, पोरांना तिला भरवावं लागतंय, आणि वर्षानुवर्षांनी परत येऊन बघावं तर ती तिथेच आहे. हावेची शिक्षा मरण नाही, न मरणं आहे. भाच्याने विचारलेला प्रश्न हाच सिनेमाचा प्रश्न होता, आणि १२ वर्षांच्या मुलाला तो रक्ताच्या आडून बरोबर दिसला. मला वाटतं, म्हणूनच तो झोपला नाही.

विशाल फुरिया यांचा 'लपाछपी' (२०१७) असाच. ऊसाच्या फडातलं घर, गरोदर पूजा सावंत, आणि मायेने जेवू घालणाऱ्या उषा नाईक. मुलगी नको म्हणून जीव घेणाऱ्या समाजावरचा हा सिनेमा आहे. त्यात मारहाण आहे, ती बघवत नाही आणि बघवू नयेच. दर वेळी आपण मार खाणाऱ्या बाईच्या बाजूला असतो, काठी धरणाऱ्याच्या नाही. रामसेंच्या सिनेमात मात्र बाई आंघोळ करायची, आपण बघायचो, भूतही बघायचं, मग ती मरायची आणि तिचं नावही कुणी पुन्हा घ्यायचं नाही. मला रामसे आवडतात, अजून आवडतात. पण लिंझ आणि मंडळींचा प्रयोग ज्या सिनेमांबद्दल बोलतो, त्यांची आपली गावठी भावंडं तिथे आहेत, हे मान्य करावं लागतं.

आणि 'स्त्री २'? १५ ऑगस्ट २०२४ ला आला, 'यूए' प्रमाणपत्र. भाचा आईबाबांसोबत पॉपकॉर्न खात तो बघून आला. त्यात सरकटा आहे, धड एकीकडे आणि मुंडकं दुसरीकडे. सगळं थिएटर हसतं, मीही हसले. ही गंमत जुनी आहे. विष्णुदास भाव्यांच्या काळातल्या पौराणिक नाटकांत राक्षस 'अललडुर्र' करत मंचावर उडी घ्यायचे, त्यावरून त्या नाटकांचं नावच 'अललडुर्र' पडलं. घाबरायचं आणि हसायचं, दोन्ही एकदम. मला त्यात काही गैर दिसत नाही. फक्त हसू येतं ते तिथे जखम कुणालाच होत नाही म्हणून, एवढं लक्षात असलं म्हणजे झालं.

कायद्याने यातलं किती पकडता येतं? १९७० च्या के. ए. अब्बास खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सिनेमाचा मनावर इतर कलांपेक्षा जास्त परिणाम होतो म्हणून आधी तपासणी योग्य ठरवली. सेन्सॉर बोर्डाच्या १९९१ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर निरर्थक, टाळता येण्याजोगी हिंसा नको आणि लोकांना बधिर करणारी दृश्यं नकोत, असं लिहिलेलं आहे. 'बधिर करणारी' हा शब्द नेमका आहे. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए'चे ७, १३ आणि १६ असे टप्पेही आले. ठीक आहे. पण टप्पा वय मोजतो. तो आजीजवळ किती वेळ थांबायचं हे मोजत नाही.

आणि आता ज्यामुळे हा लेख लिहायला बसले ते.

ताईच्या फोननंतर मी टिळक नगरला गेले, माफी मागायला. भाचा सोफ्यावर फोन बघत होता. मी शेजारी बसले. शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला होता. लोकलमधून पडलेला माणूस, रुळांवर. खरा. कुठलं स्टेशन ते कळत नव्हतं. भोवतीचे लोक मदत करत नव्हते, शूट करत होते. दहा सेकंदांचाही नसेल. भाच्याने तो पाहिला, अंगठ्याने वर सरकवला, आणि खाली क्रिकेटचा मीम होता त्यावर हसला.

"हे तू नेहमी बघतोस?"

"कोणीतरी टाकतं. मी नाही टाकत."

त्या रात्री तो शांत झोपला असणार. दिवा न लावता.

मी ताईला स्वयंपाकघरात गाठून हे सांगितलं. म्हटलं, ज्याने त्याची झोप उडाली ते नाटक होतं, आणि ज्याने उडाली नाही तो खरा मेलेला माणूस होता. त्याला नाव नव्हतं, त्याच्या आधीचं काही नव्हतं, नंतरचं काही नव्हतं. कुठल्या बोर्डाने त्याला प्रमाणपत्र दिलं नव्हतं. आणि आपला मुलगा त्याच्या शेजारी अर्धा श्वाससुद्धा थांबला नाही. मला भीती कशाची वाटावी?

ताई कांदा चिरत होती. म्हणाली, "दोन्हीची." मग थोड्या वेळाने, "तुला मूल नाही म्हणून तुला एक निवडता येतं."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. १२ व्या वर्षी त्याला तो सिनेमा दाखवायला नको होता, यावर ती आणि मी एकमत आहोत. माझ्या दारामागे बघण्याच्या सवयीची शपथ घेऊन सांगते, भीती आत जाऊन बसते, आणि ती कधी, किती, हे बाहेरून कळत नाही. पण त्या ग्रुपबद्दल ताईने जितक्या सहज खांदे उडवले होते तितक्या सहज तिने 'तुंबाड'बद्दल उडवले नव्हते, हेही मला तिला सांगावंसं वाटतं. खांदे उडवले, कारण रोज येतं. रोज येतं म्हणूनच तर.

निघताना मी भाच्याला एक गोष्ट दाखवली. 'तुंबाड'मधली शापित आजी आणि शेवटाकडे येणारा विनायकचा मुलगा पांडुरंग, दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच मुलाने केल्या आहेत. आजीचा तो चेहरा म्हणजे प्रोस्थेटिक्स, आणि खाली एक मुलगा. भाच्याने फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

"त्याला तो मेकअप काढायला किती वेळ लागला असेल?"

"माहीत नाही."

"आणि झाडाचा सीन करताना त्याला हलता येत होतं?"

ताई दारात उभी राहून ऐकत होती. तिने फोन त्याच्या हातातून घेतला, फोटो पाहिला, आणि परत त्याच्या हातात दिला.