'अश्लील' आणि 'अपाय' : एका शब्दाची चिकित्सा

वैनगंगेच्या अलीकडे सावली आणि पलीकडे गडचिरोली असा हा झाडीपट्टीचा मुलूख. मोबाइलवरून येणाऱ्या कामुक चित्रफितींविषयी येथील गावांत प्रबोधन करू पाहणाऱ्यास पहिली अडचण येते ती शब्दाची. शिष्ट मराठी या चित्रफितींना 'अश्लील' म्हणते, बोलण्यात त्या 'घाण' ठरतात. हे शब्द त्या कार्यास कितपत समर्थ आहेत, हे तपासणे अगत्याचे आहे.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त व्रीडा, जुगुप्सा आणि अमंगल असे अश्लीलत्वाचे तीन भेद सांगितले आहेत. तिन्हींचा संबंध ऐकणाऱ्याच्या मनाशी आहे. कायद्याची दृष्टीही बहुतांशी हीच राहिली. दंडसंहितेच्या कलम 292 मध्ये, व 1 जुलै 2024 पासून तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेच्या कलम 294 मध्ये, वाचणाऱ्या-पाहणाऱ्याचे मन भ्रष्ट होईल काय, हाच मुख्य प्रश्न आहे. 1962 च्या 'रंभा' दिवाळी अंकातील चंद्रकांत काकोडकरांच्या कथेस सर्वोच्च न्यायालयाने 1969 मध्ये निर्दोष ठरविले, तेही याच कसोटीवर. कथेपुरती ती पुरेशी म्हणता येईल. कारण तेथील नायिका कागदावरची असते. चित्रफितीतील स्त्री मात्र हाडामांसाची असते, आणि तिच्या संमतीविषयी ही कसोटी काहीच विचारीत नाही.

प्रश्नाचा हा रोख स्त्रीवादी विचाराने बदलला. अँड्रिया ड्वॉर्किन आणि कॅथरिन मॅकिनन यांनी 1983 मध्ये मिनिआपोलिस शहरासाठी रचलेल्या मसुद्यात असे साहित्य म्हणजे स्त्रियांच्या नागरी हक्कांचा भंग होय, अशी मांडणी केली. तो मार्ग न्यायालयात टिकला नाही. अनेक स्त्रीवाद्यांनीही नियंत्रणाच्या भयाने त्यास विरोध केला, आणि तो विरोध निराधार नव्हता. तथापि 'कोणास लाज वाटली' याऐवजी 'कोणास अपाय झाला' असे विचारावयास या वादाने शिकविले. आपल्याकडेही 2013 च्या दुरुस्तीने हे तत्त्व अंशतः आले. छायाचित्र काढण्यास स्त्रीची संमती असली, तरी ते इतरांस दाखविण्यास नसेल, तर ते पसरविणे गुन्हा ठरते.

व्यवहारातील मराठी मात्र मागेच आहे. 'तिचा व्हिडिओ निघाला', 'फोटो फिरला', 'अब्रू गेली' या वाक्यांतील क्रियापदे अकर्मक आहेत. काढणारा, फिरविणारा, धमकावणारा पुरुष त्यांत कोठेच नाही. वाक्यात उरते ती केवळ 'तिचा' ही षष्ठी. परिणामी 'घाण' हे विशेषण चित्रफितीवरून त्या मुलीवर सरकते, आणि तिची शाळा सुटते, लग्नाची घाई होते. 'त्याने व्हिडिओ फिरविला' असे म्हणताच कर्ता उभा राहतो, आणि जाब कोणास विचारावा हे स्पष्ट होते.

लाजेचा शब्द अपाय झाकतो, याचा पुरावा याच प्रदेशात आहे. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 92 टक्के स्त्रियांस स्त्रीरोग आढळले. पूर्वी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या 8 टक्के होत्या. पुढे त्यांनीच तरुणांसाठी 'तारुण्यभान' हा शिक्षणक्रम चालविला. शरीराविषयी जेथे घरात व शाळेत मौन असते, तेथे चित्रफीतच शिक्षक होते, आणि स्त्रीच्या नकारास अर्थ नसतो, असा विपरीत धडा मुलगे तिच्यापासून घेतात.

अपायाची भाषा येथील स्त्रियांस नवी नाही. गडचिरोलीत 1993 मध्ये व चंद्रपुरात 2015 मध्ये दारूबंदी आली, त्यामागील आंदोलनांत स्त्रिया मारहाणीविषयी आणि बुडालेल्या मजुरीविषयी बोलल्या. दारू 'पाप' आहे, एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. चंद्रपुरातील बंदी 2021 मध्ये उठली. तेव्हा केवळ बंदीवर विसंबता येत नाही, हाही धडा त्यातच आहे. चित्रफितींविषयीचे प्रबोधन या भाषेत झाले, तर पीडित मुलीस ग्रामसभेत किंवा बचत गटात तोंड उघडता येईल. 'अश्लील' या शब्दावरच ते थांबले, तर तिला तोंड लपवावे लागेल.