रायबोस्विच: ‘किती घट्ट?’ सोबत ‘किती वेळ?’ हेही विचारा

नेटची तयारी करताना रायबोस्विचचं चित्र तुम्ही पाहिलं असेलच. एमआरएनएच्या सुरुवातीचा भाग स्वतःच मेटाबोलाइट ओळखतो, मध्ये प्रोटीन लागत नाही. रेणू जोडला गेला की आरएनएची घडी बदलते आणि जीन बंद. चित्र चूक नाही, पण त्यात वेळ कुठेच दिसत नाही. विकिसर, विंकलर, ब्रेकर आणि क्रॉथर्स यांचा ‘मॉलेक्युलर सेल’मधला २००५ चा पेपर नेमकी हीच उणीव भरून काढतो.

त्यांनी बॅसिलस सबटिलिसमधला, रायबोफ्लेविन बनवणाऱ्या जीन्सचा रायबोस्विच घेतला. रायबोफ्लेविनपासून एफएमएन बनतं. ते पुरेसं झालं की तयार होत असलेल्या एमआरएनएला जोडलं जातं, टर्मिनेटरची घडी पडते आणि ट्रान्स्क्रिप्शन थांबतं. ही पकड घट्ट असते, हे २००२ मध्येच दिसलं होतं: केडी सुमारे ५ नॅनोमोलर. मग ५ नॅनोमोलरला निम्मी ट्रान्स्क्रिप्ट्स थांबतील, असंच आपण म्हणू ना?

गोम इथेच आहे. केडी हा समतोलाचा आकडा आहे. जरा हिशोब करून बघा. जोडणीचा दर १,००,००० प्रति मोलर प्रति सेकंद आहे असं धरा. केडी ५ नॅनोमोलर आणि एफएमएनही तेवढंच असेल, तर समतोलाकडे जाण्याचा कालांक १,००० सेकंद येतो, म्हणजे जवळजवळ १७ मिनिटं! पॉलिमरेज मात्र सेकंदाला काही दशक न्यूक्लिओटाइड जोडत पुढे पळतं. टर्मिनेटरपाशी पोचायला त्याला काही सेकंद पुरतात.

पेपरचा निष्कर्षही हाच आहे: समतोल येण्याआधीच निर्णय होऊन जातो. म्हणून लेखक याला स्विचपेक्षा फ्यूज म्हणणं पसंत करतात. उपमा चपखल आहे. फ्यूज एकदा उडाला की उडाला. तसंच त्या एका आरएनएला निर्णय फिरवता येत नाही. केडीपेक्षा बरंच जास्त एफएमएन का लागतं, याचंही उत्तर यातच आहे.

मर्यादा दोन. एक, हे प्रयोग परीक्षानळीतले आहेत. पेशीतली गर्दी आणि मागून येणारे रायबोसोम तिथे नाहीत. दुसरी मर्यादा पेपरपेक्षा वाचणाऱ्यांची जास्त. लेखकांनी ‘टर्मिनेशनवर चालणाऱ्या रायबोस्विचमध्ये हे सर्रास असू शकेल’ एवढंच जपून म्हटलं आहे. व्हिब्रिओ व्हल्निफिकसमधला अ‍ॅडेनिनचा रायबोस्विच ट्रान्सलेशनच्या पातळीवर काम करतो. त्याच्यासमोर पॉलिमरेजची अशी घाई नाही. त्यामुळे ‘सगळे रायबोस्विच फ्यूजच’ असं लिहाल, तर ते तुमचं विधान होईल, त्यांचं नाही.

प्रपोजल लिहिताना हे लक्षात ठेवा. वर्षभर खपून अचूक केडी मोजाल, पण पेशीला थांबायला तेवढा वेळच नसेल, तर तो आकडा खरा असूनही तुमच्या प्रश्नाचं उत्तर ठरणार नाही. म्हणून केडीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखा: जोडणीचा वेग आणि हाताशी असलेला वेळ.