गुपित फुटले, पण मोजले काय?

एखादा प्रोग्रॅम किती वेळ घेतो हे घड्याळ सांगते. तो वेळ कशात गेला हे त्याला सांगता येत नाही. बेरजा-गुणाकारांत गेला, की स्मृतीतून आकडे येण्याची वाट पाहण्यात? याचे उत्तर प्रोसेसरच्या पोटात बसवलेले छोटे काउंटर देऊ शकतात. त्यांच्याविषयी ‘बाइट’ या अमेरिकी मासिकाच्या जुलै 1994 च्या अंकात टेर्ये माथिसन या नॉर्वेच्या प्रोग्रामरने ‘पेंटियम सीक्रेट्स’ हा लेख लिहिला. मासिकाची छपाई 1998 मध्ये थांबली. लेख मात्र आजही वाचावा असा आहे, आणि जरा सावधपणे वाचावा असाही.

इंटेलने 1993 मध्ये पेंटियम बाजारात आणला. त्यात 40 बिटांचे दोन काउंटर होते. ते कसे वापरावेत हे सांगण्याऐवजी पुस्तिका वाचकाला ‘परिशिष्ट एच’कडे पाठवी, आणि ते परिशिष्ट गुप्ततेच्या करारावर सही करणाऱ्यालाच मिळे. यंत्र आपण विकत घ्यायचे आणि त्यातल्या मोजपट्टीची किल्ली दुकानदाराकडे! माथिसनने यंत्रापासून उलट दिशेने शोध घेत ही किल्ली मिळवली आणि सर्वांपुढे ठेवली. पुढे 1995 च्या पेंटियम प्रोमध्ये इंटेलने काउंटरांची माहिती उघडपणे छापली.

कृती तशी सोपी आहे. एका नियंत्रण-रजिस्टरमध्ये प्रत्येक काउंटरसाठी सहा बिटांत घटनेचा क्रमांक लिहायचा. फक्त आपल्या प्रोग्रॅमची मोजणी करायची की ऑपरेटिंग सिस्टिमचीही, हे शेजारचे बिट ठरवतात. मग काउंटर शून्यावर आणायचा, प्रोग्रॅम चालवायचा, आकडा वाचायचा. किती सूचना पार पडल्या, किती वेळा हवा तो आकडा जवळच्या कॅशमध्ये सापडला नाही, असे बरेच काही यातून कळते.

हा आकडा कागदावरही पडताळता येतो, आणि शिक्षकांच्या दृष्टीने सगळी गंमत इथे आहे. 1000 ओळी आणि 1000 स्तंभांचे कोष्टक घ्या. प्रत्येक संख्या 4 बाइटांची, ओळीमागून ओळ अशी साठवलेली. पेंटियमची आकड्यांसाठीची कॅश 8 किलोबाइटांची, आणि ती एका वेळी 32 बाइटांची पट्टी उचलते, म्हणजे आठ संख्या. ओळीने बेरीज केली तर आठांतून एकदा कॅश हुकेल: सव्वा लाख वेळा. स्तंभाने केली तर एका स्तंभासाठीच हजार पट्ट्या, म्हणजे 32,000 बाइट लागतात. त्या कॅशमध्ये मावत नाहीत, म्हणून जवळजवळ प्रत्येक वाचन हुकते: सुमारे दहा लाख. गणित तेच, उत्तर तेच, फक्त चालण्याची दिशा वेगळी. काउंटरने या आकड्यांच्या आसपास काही दाखवले, तरच त्याच्यावर विश्वास ठेवावा.

माथिसनचा लेख वाचताना वाटते, की क्रमांक कळला म्हणजे सारे कळले. त्या काळी खरी अडचण तीच असल्याने त्याला दोष देता येत नाही. आजच्या साधनांना मात्र ही सूट देता येणार नाही. लिनक्समध्ये 2009 पासून ‘पर्फ’ ही सोय आहे. क्रमांक पाठ करायला नकोत. ‘कॅश-मिसेस’ असे नाव लिहिले की आकडा हजर. पण ही कोणती कॅश? प्रोसेसरमध्ये आता कॅशच्या दोन-तीन पायऱ्या असतात. पर्फच्या माहितीपत्रकात उत्तर आहे: बहुधा शेवटच्या पायरीची. मोजमापाच्या व्याख्येत ‘बहुधा’! प्रयोगवहीत विद्यार्थ्याने असे लिहिले तर आपण लाल रेघ ओढू.

परिणाम पाहा. वरचे कोष्टक 40 लाख बाइटांचे. आजच्या पुष्कळ संगणकांत ते शेवटच्या कॅशमध्ये सबंध मावते. दुसऱ्या फेरीपासून तिथे फारसे काही हुकतच नाही, आणि ओळ असो की स्तंभ, दोन्हीकडे किरकोळ आकडे दिसतात. घड्याळ मात्र फरक दाखवत असते. विद्यार्थी म्हणेल, कॅशचा यात संबंध नाही. आकडा खरा आणि निष्कर्ष साफ चुकीचा! पहिल्या पायरीची घटना निवडली तर फरक दिसू लागतो. तरी तेथेही कागदावरचा आकडा तंतोतंत जुळेलच असे नाही: बहुतेक प्रोसेसरांत पट्टी आता 64 बाइटांची आहे, आणि प्रोसेसर पुढची पट्टी अंदाजाने आधीच आणून ठेवतो.

आणखी एक खोच. काउंटर असतात मोजके. आपण जास्त घटना मागितल्या तर पर्फ त्यांना आळीपाळीने बसवते आणि उरलेल्या वेळाचा हिशेब प्रमाणाने वाढवून देते. अशा आकड्याशेजारी टक्केवारी छापलेली असते. ती घटना एकूण वेळापैकी किती वेळ खरोखर मोजली गेली ते ती सांगते. शंभरच्या बरीच खाली असेल तर तो आकडा मोजलेला नसून अंदाजलेला आहे असे समजावे, आणि घटना कमी करून प्रयोग पुन्हा चालवावा.