जेसी मॅथ्यूज : पूर्वरंग आणि उत्तररंग

नटनटींच्या कारकिर्दीचा विचार करताना उदय, कळस आणि अस्त अशी तीन घरे आधी आखून ठेवावयाची व हाती येईल तो तपशील त्यांत भरावयाचा, ही रीत चरित्रकाराला सोयीची असली तरी टीकेला घातक आहे. जेसी मॅथ्यूज (१९०७–१९८१) या इंग्रज गायिका-नर्तकीच्या बाबतीत हे पुरेपूर घडले आहे. तिच्याविषयी लिहिणारे बहुतेक जण १९३८ नंतरची चाळीस वर्षे एक लांबलेली शोकांतिका म्हणून उरकून टाकतात. हे मत मला मान्य करवत नाही, आणि त्याचे कारण तिच्या ऐन बहरातील कामातच सापडते.

लंडनच्या सोहो भागातील बर्विक स्ट्रीट बाजारात फळे-भाजी विकणाऱ्या माणसाची ही मुलगी. भावंडांचे खटले मोठे. १९१९ मध्ये बालनटी म्हणून ती रंगभूमीवर आली. पुढे समूहनर्तिका म्हणून अमेरिकेत गेली आणि तेथे तिने गर्ट्रूड लॉरेन्सची पर्यायी नटी म्हणून तिच्या भूमिका तयार ठेवल्या. १९२७ पासून सी. बी. कॉक्रन या निर्मात्याच्या ‘रेव्ह्यू’ प्रयोगांत ती अग्रभागी दिसू लागली. रेव्ह्यू म्हणजे आपले संगीत नाटक नव्हे. कथानकाचा धागा नसलेली, गाणी, नाच आणि प्रहसने यांची ती गुंफण असते. पात्र उभे करावयास तीत अवधीच नसतो; जे साधावयाचे ते एका गाण्याच्या अवकाशात. नोएल कॉवर्डच्या ‘धिस इयर ऑफ ग्रेस’ (१९२८) आणि कोल पोर्टरच्या गीतांनी सजलेल्या ‘वेक अप अँड ड्रीम’ (१९२९) या प्रयोगांनी तिचे नाव झाले.

या प्रवासात तिने आणखी एक गोष्ट कमावली, ती म्हणजे उच्चार. इंग्लंडात माणूस तोंड उघडताच त्याचा वर्ग कळतो. जेसीने शिक्षकांकडून नवी वाणी घोटून घेतली आणि बाजारातली बोली पार पुसून टाकली. घरची बोली आणि प्रमाणभाषा यांतील अंतर तोडताना विद्यार्थ्याची होणारी ओढाताण ज्यांनी वर्गात पाहिली आहे, त्यांना या कष्टाची कल्पना यावी. तिच्या त्या नाजूक, काटेकोर उच्चाराला पुढच्या पिढीने कृत्रिम म्हणून हसले. तो कृत्रिम होताच. पण मुखवटा कृत्रिम असतो म्हणून मुखवट्याची कला खोटी ठरत नाही.

१९३० साली रॉजर्स आणि हार्ट यांचे ‘एव्हर ग्रीन’ रंगभूमीवर आले. छत आणि जमीन यांची अदलाबदल झाल्याचा भास व्हावा म्हणून एक प्रचंड झुंबर उलटे करून रंगमंचावर उभे केले होते. ‘डान्सिंग ऑन द सीलिंग’ हे गीत तिने त्याच्याभोवती साकार केले. १९३४ मध्ये व्हिक्टर सॅव्हिलने या नाटकावरून चित्रपट केला, आणि माझ्या मते तिचे श्रेष्ठत्व तेथे निर्विवाद सिद्ध होते. हॅरिएट ग्रीन ही जुन्या जमान्यातील गाजलेली नटी तान्ह्या मुलीला मागे ठेवून अंतर्धान पावते. पुढे ती मुलगी कामाच्या शोधात येते तेव्हा तिलाच चिरतरुण राहिलेली आई म्हणून प्रेक्षकांपुढे उभे केले जाते. आणि ज्याच्यावर तिचे मन जडते त्या तरुणाला लोक तिचा मुलगा समजू लागतात! दोन्ही हॅरिएट जेसीच्याच. एकाच घरात राहून न बोलता येणारे हे प्रेम मध्यरात्रीच्या एकट्या नृत्यात व्यक्त होते. बडी ब्रॅडली या आफ्रिकन-अमेरिकन नृत्यदिग्दर्शकाची लय तिच्या बॅलेच्या शिस्तीत अशी मुरली आहे की पाऊल कोठे संपले आणि गाणे कोठे सुरू झाले हे सांगता येत नाही. वरच्या मजल्याकडे जाणारी तिची नजर मात्र नटीची आहे, नर्तकीची नव्हे.

आता तिच्या यानंतरच्या उत्तम भूमिका पाहाव्यात. ‘फर्स्ट अ गर्ल’ (१९३५) मध्ये आवाज बसलेल्या स्त्रीवेषधारी नटाच्या जागी एक मुलगी उभी राहते, आणि स्त्रीचा वेष घेणारा पुरुष म्हणून लोकांपुढे येते. ‘इट्स लव्ह अगेन’ (१९३६) मध्ये एका वार्ताहराने कल्पिलेली, अस्तित्वातच नसलेली उच्चभ्रू स्त्री ती होऊन दाखवते. दुसऱ्याची जागा घेणे हा तिच्या कलेचा स्थायीभाव आहे. लॉरेन्सची पर्यायी नटी हीच जणू तिची पहिली भूमिका.

मध्यंतरीचा काळ कठीण गेला हे खरेच. सहनट सॉनी हेल याच्या घटस्फोटाच्या खटल्यात (१९३०) तिची पत्रे न्यायालयात वाचली गेली आणि न्यायाधीशांनी तिच्यावर कठोर ताशेरे ओढले. पुढे हेल तिचा पती झाला. त्याने दिग्दर्शित केलेल्या तीन चित्रपटांत गती मंदावते, नृत्ये कथेपासून सुटी पडतात. मानसिक प्रकृतीने तिला वरचेवर दगा दिला; १९४१ च्या अखेरीस अमेरिकेतील एक संगीतिका तिला रंगीत तालमींच्या सुमारासच सोडावी लागली.

परंतु १९६३ साली बीबीसीच्या ‘द डेल्स’ या दैनंदिन नभोनाट्यात डॉक्टरांच्या पत्नीची, मिसेस डेलची, भूमिका तिच्याकडे आली तेव्हा काय घडले? ती भूमिका १९४८ पासून एलिस पॉवेल या नटीच्या आवाजात श्रोत्यांच्या परिचयाची झालेली होती. म्हणजे पुन्हा दुसरीची जागा, पुन्हा रूढ झालेली प्रतिमा. आणि या वेळी पाऊल नाही, नजर नाही, ती घोटलेली वाणी तेवढी हाताशी. कीर्तनात उत्तररंगाचे आख्यान नवे असते, निरूपणाचा विषय मात्र पूर्वरंगातलाच. जेसीच्या या सहा वर्षांकडे मी तसेच पाहतो. चरित्रकारांना तेथे केवळ उपजीविका दिसते, कारण त्यांनी ‘एव्हरग्रीन’मध्ये फक्त पाय पाहिले.

१९६९ मध्ये ती मालिका संपली. पुढील वर्षी तिला ओ.बी.ई. हा किताब मिळाला आणि १९७४ मध्ये तिचे आत्मचरित्र निघाले. १९७८ साली ‘एडवर्ड अँड मिसेस सिम्पसन’ या दूरदर्शन मालिकेत ती मिसेस सिम्पसनची मावशी झाली. सोहोतली मुलगी अमेरिकन घरंदाज वृद्धेच्या वेषात, वयाच्या सत्तरीनंतर.