गॅसोहोलचे एक वाक्य

2018 सालच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘कार्बनी संयुगे’ या पाठात इथेनॉलवर थोडा मजकूर आहे. उसाच्या मळीपासून ते मिळते, जळून फक्त कार्बन डायऑक्साइड आणि पाणी देते, म्हणून ते स्वच्छ इंधन. आणि पेट्रोलची कार्यक्षमता वाढावी म्हणून ते त्यात मिसळतात, या मिश्रणाला गॅसोहोल म्हणतात, अशी मांडणी आहे. आमची हरकत आहे ती ‘कार्यक्षमता’ या शब्दाला.

वाशिम जिल्ह्यात रिसोड-मानोऱ्याकडचा एखादा विद्यार्थी हे वाक्य पाठ करतो आणि घरी उलटेच ऐकतो. वडिलांची जुनी मोटारसायकल हल्ली लिटरमागे कमी चालते, सकाळी चोक ओढल्याशिवाय सुरू होत नाही. मग खरे कोणाचे?

वडिलांचे म्हणणे आकड्यांत बसते. एक लिटर पेट्रोल जळून सुमारे 32 मेगाज्यूल ऊर्जा मिळते, इथेनॉलपासून 21. 2025 साली देशातले मिश्रण 20 टक्क्यांवर पोचले. त्याच्या लिटरमध्ये ऊर्जा साधारण 7 टक्के कमी भरते.

चोकचे कारण तर पाठातल्या समीकरणातच दडले आहे, आणि ते मुलांकडून काढून घेतले जात नाही याचे आम्हांला वाईट वाटते. इथेनॉलच्या एका रेणूला ऑक्सिजनचे तीन रेणू लागतात, म्हणजे 46 ग्रॅमला 96 ग्रॅम. हवेत वजनाने 23 टक्के ऑक्सिजन धरला तर हवा झाली सुमारे 417 ग्रॅम. ग्रॅमला नऊ ग्रॅम. पेट्रोलला मात्र ग्रॅमला 14.7 ग्रॅम हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन आहे, म्हणून हा फरक. 20 टक्के मिश्रणाला साडेतेराच्या आसपास हवा पुरते.

कार्ब्युरेटरला हे कळण्याची सोय नाही. त्याचा जेट म्हणजे मापून पाडलेले भोक. पेट्रोलच्या हिशेबाने जेवढे इंधन जायचे, जवळपास तेवढेच जाते. परिणामी हवा जास्त, इंधन कमी. त्यात इथेनॉलची वाफ व्हायला उष्णता जास्त लागते, म्हणून थंड इंजिन कुरकुरते. मेकॅनिक जो स्क्रू फिरवतो तो मुख्यतः गाडी जागेवर चालू असतानापुरता. वेगात इंधन मेन जेटमधून येते, तोच किंचित मोठा बसवावा लागतो. (जेट मुळातच सढळ असेल तर तीही गरज नाही.) 2020 च्या बीएस-6 नियमांनंतरच्या बहुतेक दुचाकींत इंजेक्शन आहे, तिथे ऑक्सिजन सेन्सर हा हिशेब करतो.

पुस्तकाचे वाक्य निखालस चूक नाही. इथेनॉलचा ऑक्टेन अंक मोठा, शिवाय ते आत येणारी हवा थंड करते. त्यामुळे दाब जास्त ठेवता येतो. 2007 साली अमेरिकेतल्या इंडीकार शर्यतीच्या गाड्या इथेनॉलवर धावल्या, पण त्यांची इंजिने त्यासाठीच जुळवलेली होती. ‘त्यासाठी बनवलेल्या इंजिनात’ एवढे तीन शब्द वाक्यात हवे होते. ते छापून येईपर्यंत शिक्षकांनी फळ्यावर लिहावेत.